शेवटच्या दोन लांबड्या

मुलाच्या गाडीत चढायचं तर मला प्लास्टिकचं स्टूल लागतं. गाडी चांगली आहे, पांढरीशुभ्र आहे, आत गारेगार आहे. पण दार उघडलं की सीट माझ्या छातीशी येते. माळ्यावर चढावं तसं चढायचं आणि उतरताना पायानं जमीन चाचपत खाली यायचं. म्हणून एक लाल स्टूल कायम तिच्या डिकीत पडलेलं असतं. सून म्हणते, "मम्मी, हल्ली सगळ्यांच्याच गाड्या अशा असतात." असतील. मी कुठे नाही म्हणते? पण माझे गुडघे लांबडीच्या वेळचे आहेत, त्यांना कोण समजावणार?

लांबडी म्हणजे आमची जुनी गाडी. कंपनीनं तिला चांगलं विलायती नाव दिलं होतं, ते तिच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण नंदुरबारात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. पुढचं नाक लांब, मागची डिकी लांब, मधे पाय पसरून बसायला ऐसपैस जागा, आणि उंची इतकी कमी की माझ्यासारख्या बुटकीलाही टपावर कोपर टेकून गप्पा मारता यायच्या. मग लांबडी नाही तर काय म्हणणार?

ती साहेब लोकांची गाडी होती बरं का. कारखान्याचे चेअरमन, जिनिंगवाले शेठ, मोठे डॉक्टर, अशांच्या दारात ती उभी असायची. रीत अशी की मालक मागे बसणार आणि ड्रायव्हर पुढे. आमचे हे मात्र स्वतः चालवायचे आणि मला शेजारी पुढे बसवायचे. बाजारातले लोक चिडवायचे, "शेठ, मांगे बठा ना! ड्रायव्हर दिखी ऱ्हायनात." हे म्हणायचे, "मांगे बठसू तर रस्ता कोन देखी?" आमचं घर मूळ राजस्थानातलं, चुलीपाशी मारवाडी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की अहिराणी. मी मराठी लिहायला शिकले ती मिरचीच्या पुड्या बांधायच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून, त्यामुळे कुठे चुकले तर तेवढं सांभाळून घ्या.

तिचा आवाज कसा होता सांगू? नव्या गाड्या येतात ते कळतसुद्धा नाही, मांजर आल्यासारख्या येतात. लांबडी यायची ती सांगून. जातं फिरावं तसा जाड, भरलेला आवाज. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, तिथल्या वळणावर हे गिअर बदलायचे. लांबडी तिथे एकदा दम घ्यायची आणि मग 'हूं' करून पुढे यायची. ते 'हूं' ऐकलं की मी तवा ठेवायची. घड्याळ बघून स्वयंपाक मी कधी केलाच नाही.

आणि एक पद्धत होती. रस्त्यावर समोरून दुसरी लांबडी आली की दोघांनी भर उन्हात लाईट मारायचे. ओळख असो नसो. जागा असली तर थांबायचं, उतरायचं, एकमेकांच्या गाडीभोवती एक चक्कर मारायची, टायरला पायानं टोकरायचं, "काय म्हणस तुम्हनी?" "तुम्हनी काय म्हणस?" असं मुलीबाळींची चौकशी करावी तसं विचारायचं. मी पुढच्या सीटवर बसून हसत असायची. आमच्या माणसांना एकमेकांच्या बायकोची तब्येत विचारायला लाज वाटते, पण कार्बोरेटरची विचारताना आवाज किती मऊ होतो!

ब्राह्मणपुरीचे भाऊ आम्हाला असेच मिळाले. प्रकाशा गावच्या पुलाअलीकडे समोरून एक क्रीम रंगाची लांबडी आली, लाईट मारले, थांबलो. भाऊ शेतकरी, केळी-पपईवाले. उंच, पागोट्याशिवायही पागोटं घातल्यासारखे दिसणारे. त्यांची बायको मागच्या सीटवर मांडी घालून बसलेली, मांडीवर शेवेचं पाकीट. तिनं आधी मला न्याहाळलं, मग म्हणाली, "शेठानी, तू पुढे बठस? मी तर मांगेच बठस. साहेब मांगेच बठतस ना!" आणि स्वतःच खळखळून हसली. तेव्हापासून ती माझी अक्का आणि मी तिची शेठानी. वर्षातून चार-दोन भेटी, त्याही बहुतेक रस्त्यावर उभ्यानं, पण सख्ख्या नात्यात नसेल एवढी माया.

आता मिरचीची गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचा धंदा लाल मिरचीचा. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, जिकडे बघावं तिकडे लाल. एका वर्षी ऐन मोसमात अवकाळी पाऊस आला. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला नमुने दाखवायला ह्यांना निघायचं होतं आणि नमुने तर ओले. मिरची ओली दाखवली तर भाव गेलाच. लांबडीत एक हीटरचं बटण होतं. आमच्या खानदेशात हीटर कशाला, सूर्य आहे ना! त्या बटणाला कुणी कधी हात लावला नव्हता. ह्यांच्या डोक्यात काय आलं देव जाणे, ह्यांनी माझ्या पायापाशी, डॅशबोर्डवर, जिथे म्हणून जागा मिळेल तिथे मिरच्या पसरल्या, काचा बंद केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. "पोहोचेपर्यंत कडकडीत वाळतील," म्हणाले.

वाळल्या. पण मिरची गरम झाली की काय करते हे मिरचीच्या व्यापाऱ्याला मी सांगायचं का? पहिल्या मैलात मला ठसका लागला, दुसऱ्यात ह्यांना. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि हे एका हातानं स्टिअरिंग धरून म्हणतात, "काच उघडू नको, बाहेर दमट आहे!" शेवटी गाडी बाभळीखाली लावली आणि आम्ही दोघं बाहेर पडून रस्त्याच्या कडेला बसून शिंकत बसलो. हसावं की शिंकावं कळेना. रस्त्यानं जाणारा एक बैलगाडीवाला थांबला आणि म्हणाला, "कोनी गयं का हो?" त्याला वाटलं आमच्याकडे कुणी मेलं म्हणून रडताहेत.

त्या दिवशी मिरचीची बारीक धूळ, बिया, टरफलं, सगळं त्या हीटरच्या पेटीत जाऊन बसलं ते बसलंच. ह्यांनी किती वेळा झटकलं, मिस्त्रीकडून हवा मारून घेतली. तरी त्या पेटीतला पंखा सुरू केला की माणूस शिंकणार, ठरलेलं. पाहुणे बसले की हे मुद्दाम पंखा लावायचे आणि गंभीर चेहऱ्यानं पुढे बघत राहायचे.

लग्नसराईत गल्लीतली प्रत्येक मुलगी सासरी जायची ती लांबडीतून. आमच्यात अशी रीत आहे की पाठवणीच्या वेळी गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवायचा आणि नवरीच्या भावांनी गाडी थोडी ढकलायची. इतर गाड्यांना ती नुसती रीत, लांबडीला गरज. तिचा सेल्फ मनात आलं तर लागायचा. भाऊ बिचारे रीत म्हणून हात लावायला यायचे आणि कोट काढून घामाघूम होईपर्यंत ढकलायचे. गाडी सुरू झाली की हे हळूच पंखा लावायचे आणि ज्या मुली "मी रडणार नाही, मेकअप जाईल" म्हणून मंडपभर सांगत फिरायच्या त्याही गिरणीच्या वळणापर्यंत डोळे पुसायला लागायच्या. "मिरचीमुळे हो," त्या म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, हो हो, मिरचीमुळेच.

मग हळूहळू लांबड्या कमी व्हायला लागल्या. कंपनीनं बनवणं बंद केलं ते आम्हाला कळलंसुद्धा नाही, कुणी दवंडी थोडीच पिटतं. पेट्रोल फार पिते म्हणून डॉक्टरांनी विकली. चेअरमनना उंच गाडी आली. जिनिंगवाल्यांची गुजरातेत गेली. एका ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो तर बसायला सोफा म्हणून लांबडीची मागची सीट. हे त्यावर बसलेच नाहीत, उभ्यानं चहा प्यायले. रनाळ्यात एकीच्या डिकीत कोंबडी अंडी उबवत बसलेली आम्ही डोळ्यांनी बघितली. मालक म्हणाला, "शेठ, कोंबडी फार खुश शे, आठे वारा लागत नही." हे हसले आणि लगेच गाडीत जाऊन बसले.

जेवताना मी विचारायची, "आज कुणी लाईट मारले का?" आधी आधी म्हणायचे, हो, साक्रीकडची एक होती, तळोद्याची एक होती. मग आठवड्यातून एखादी. मग नुसती मान हलवायचे. शेवटी शेवटी ब्राह्मणपुरीची तेवढी राहिली. पुलाजवळ भेट झाली की दोघं पुरुष गाडीला टेकून उभे राहायचे, पहिल्यासारखं टायर वगैरे काही तपासायचे नाहीत. नुसते उभे.

हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. गाडी पथारीशेजारच्या गोदामात उभी राहिली. मुलगा म्हणायचा, "मम्मी, जागा अडते. भंगारवाला विचारत होता." मी म्हणायची, बघू. मला गाडी चालवता येत नाही, पण चालू करता येते. दर रविवारी मी गोदामात जायची, ह्यांच्या जागेवर बसायची, किल्ली फिरवायची. नवीन बॅटरी मी माझ्या हट्टानं बसवून घेतली होती. पहिल्या झटक्याला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला ते जातं फिरायला लागायचं. मी डोळे मिटून बसायची. स्टिअरिंगवर हात ठेवून तवा ठेवायची वेळ झाली असं वाटून घ्यायची. मग बंद करून घरी. एवढंच. कुणाला त्रास नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी भाऊ दारात उभे. हातात पिशवीभर पपया आणि पायाला एसटीची धूळ. मी आधी त्यांच्या मागे बघितलं. "भाऊ, गाडी कुठं?"

"उभी शे भाभी," ते म्हणाले. "उभी शे, पन गयी."

उन्हाळ्यात पाणी उकळलं, इंजिनाला तडा गेला. मिस्त्रीनं सांगितलं, आता ह्याचं काही होत नाही. बाकी गाडी म्हणजे अगदी नवरीसारखी, पत्रा धड, सीट धड. मी अक्काची चौकशी केली, तर भाऊंनी चहा निवत ठेवला.

अक्का न्हाणीत पडली होती. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा काही वाकेना. पाय फुंकणीसारखा सरळ. घरात काठी घेऊन चालते. पण बसायचं म्हणजे पाय पुढे लांब करूनच, त्याला जागा पाहिजे. आणि त्यांची मुलगी धडगावला, सरकारी कचेरीत. लग्नानंतर खूप वर्षांनी तिला मुलगी झाली, दिवसांआधी, मुठीएवढी. डॉक्टरांनी सांगितलं, थंडी संपेपर्यंत बाळाला घाटातून खाली आणायचं नाही. मुलगी माहेरी येऊ शकत नाही, मग आजीनं तिकडे जायला पाहिजे.

"जीपमा नेयी तिले," भाऊ म्हणाले. "पाय बाहेर, लोके आत. म्हसावदलगून गई, रडाले लागनी, उतरी पडनी. पोरगाना दोस्तनी उंच गाडी आनी, चढताच ये ना. अँबुलन्स सांगू म्हनं तर म्हणे, 'मी काय मरी गयी का? नात पहिली बार देखी ती अँबुलन्समातून उतरनारी आजी?' आते फोनमा देखस. पोर दिखाडस, आन ही काचवर हात फिरावस."

माझ्या डोळ्यांपुढे मांडी घालून बसलेली, शेव खाणारी अक्का आली. लांबडीची ती मागची सीट! आडवं बसून पाय लांब केला तर काठीसकट मावेल, आणि दार इतकं खाली की नुसतं मागे टेकून आत सरकायचं.

मला वाटलं, आता भाऊ गाडी मागणार. मी मनात तयारी करत होते, काय म्हणायचं, कसं म्हणायचं. आणि भाऊ काय म्हणाले?

"भाभी, मी ह्यासाठे उनू, मन्ही गाडीना जे पार्ट लागतीन ते तुम्ही लई जा. काचा शेतस, दरवाजा शेतस, टायर नवा शेतस. तुम्हनी चालू शे ना? एक तरी ऱ्हावाले पाहिजे. शेठ ऱ्हातात तर त्यासनी बी हायीच सांगं असतं."

मागायला नाही, द्यायला आले होते. एसटीनं. पपया घेऊन.

मी त्यांना जेवू घातलं, बसस्टँडवर सोडायला मुलाला पाठवलं. रविवारी गोदामात गेले, बसले, किल्ली फिरवली, पण डोळे मिटेनात. पायाखालची चटई सारून बघितलं तर पत्रा गंजून जमीन दिसत होती. खरं सांगायचं तर गंज मला आधीपासून दिसत होता, मीच ती रबराची चटई त्यावर टाकून ठेवली होती. मिस्त्रीला बोलावलं. ह्यांच्या वेळचाच मिस्त्री, आता त्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्यात. त्यानं खाली वाकून बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "भाभी, हिचं इंजिन मस्त आहे, पण अंग संपलं. त्यांच्या गाडीचं अंग मस्त आहे, इंजिन संपलं. दोन्ही रस्त्यावर येणार नाहीत. एक येईल." आमचं इंजिन त्यांच्या अंगात, हे मला तिथेच कळलं.

घरी सांगितलं तर कोण आडवं आलं? माझा मुलगा! जो भंगारवाल्याला घेऊन यायचा तोच.

"पप्पांची गाडी आहे ती."

"तूच विकायला निघाला होतास ना?"

"भंगारात गेली असती तर गेली असती. पण तिचं इंजिन काढून दुसऱ्याच्या गाडीत... मम्मी, मी तिच्यात गाडी शिकलो. पप्पांनी कान धरून शिकवली. उद्या रस्त्यात ती गाडी समोरून आली तर मी काय करू?"

"लाईट मार," मी म्हणाले.

मग मी त्याला समजावलं. म्हटलं, अरे, दर रविवारी मी एकटी तो आवाज ऐकते. कुणासाठी? ऐकून होतं काय? उठते आणि घरी येते. आणि तिकडे ती बाई काचेवर हात फिरवते. तुझे पप्पा असते तर एवढा वेळ विचार तरी केला असता का? पप्पांचं नाव काढलं की आमच्या घरात वाद संपतो.

भाऊंना फोन केला. ते आधी नाहीच म्हणाले. मग दोन दिवस फोनच उचलला नाही. शेवटी अक्कानं उचलला. "शेठानी, तू शेठनी गाडी मोडी ऱ्हायनी, माले ते चालाव नही."

"मोडत नाही ग बाई," मी म्हटलं. "सासरी पाठवते आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि म्हणाली, "मंग आहेर काय देशी?"

मिस्त्रीनं ठरवलेल्या दिवशी गाडी गोदामातून त्याच्या शेडपर्यंत न्यायची होती. ब्रेक धरत नव्हते, म्हणून ढकलतच न्यायची. मी पहाटे उठून आंघोळ केली, कुंकू घेतलं, झेंडूचा हार घेतला. लांबडीच्या नाकावर स्वस्तिक काढलं. आणि चाकाखाली नारळ ठेवला. मुलगा बघत राहिला. मग बाह्या वर करून मागे गेला, चुलतभावाला हाक मारली, आणि दोघं ढकलायला लागले. नारळ फुटला. एवढ्या पोरींच्या पाठवण्या तिनं केल्या, तिची पाठवणी कोण करणार होतं? मी पदर डोळ्याला लावला. ह्या वेळी पंखा चालू नव्हता.

मिस्त्रीनं इंजिन काढलं, पाण्याची टाकी काढली. हीटरचे पाईप इंजिनाशीच जोडलेले, आणि भाऊंनी त्यांच्या गाडीतली गळकी पेटी केव्हाच काढून फेकली होती, म्हणून त्यानं आमची पेटीही सोबत दिली. "घाटात थंडीत कामाला येईल," म्हणाला. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही. मी लांबडीचं रिकामं नाक बघत होते. झाकण उघडं होतं आणि आत खालची माती दिसत होती.

मग काही आठवडे रविवार आले की मला करायला काही नसायचं. मी मेथी निवडायची, फडताळं आवरायची.

आणि एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. गिरणीच्या वळणावर काहीतरी आलं. जाड, भरलेलं. तिथे त्यानं एकदा दम घेतला आणि 'हूं' केलं.

माझा हात आपोआप तव्याकडे गेला, खरंच सांगते. तवा चुलीवर होताच, तरी गेला.

सून म्हणाली, "मम्मी, कोण आलंय?" मी लाटणं हातात घेऊनच बाहेर. दारात क्रीम रंगाची लांबडी, स्टिअरिंगवर भाऊ, आणि मागच्या सीटवर आडवी बसलेली अक्का, सरळ पाय अख्ख्या सीटवर पसरून, पायावर शाल, पाठीला लोड.

"बठ शेठानी!" ती ओरडली. "धडगाव जावानं शे. तू पुढेच बठनारी, तुन्ही जागा खाली ठेई शे."

मी साडी बदलली, बाळासाठी सुनेनं कधीची शिवून ठेवलेली दुपट्यांची चवड घेतली आणि बसले. स्टूल लागलं नाही. नुसतं मागे टेकले आणि आत सरकले. गुडघ्यांनी जसं काही ओळखलं.

प्रकाशाचा पूल, शहादा, म्हसावद. समोरून लाईट मारायला कुणी येणार नव्हतं हे आम्हा तिघांना माहीत होतं, तरी भाऊंचा हात पुलापाशी लाईटच्या दांडीवर गेलाच. म्हसावद आल्यावर अक्का खिडकीबाहेर बघत बसली. इथेच ती जीपमधून उतरून परत गेली होती. ते गाव मागे पडलं आणि तिनं श्वास सोडला तो मला पुढे ऐकू आला.

मग घाट. सातपुड्याची थंडी वेगळीच. सकाळची वेळ, वळणावळणाला धुकं, पाड्यावरची माणसं शेकोटीला बसलेली. गाडी चढत होती, जातं फिरत होतं, दम घेत होतं, पण थांबत नव्हतं. समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. भाऊ म्हणाले, "थंडी वाजस का व?"

अक्का म्हणाली, "पाय तर बर्फ व्हई गया."

"मिस्त्रीनी हीटर बसाडी दिधं शे," भाऊ अभिमानानं म्हणाले, "अजून लायीच नही." आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा नुसती गरम हवा आली. आमच्या खानदेशी गाडीतला हीटर पहिल्यांदाच ज्यासाठी बनवला त्यासाठी चालला, असं माझ्या मनात आलं. आणि मग माझ्या नाकात ते शिरलं. गरम, जुनं, लाल. मी भाऊंना सांगायला तोंड उघडलं आणि शिंकले. भाऊ शिंकले. मागून अक्का शिंकली ती अशी की काठी खाली पडली. भाऊंनी घाटातल्या एका रुंद जागी गाडी थांबवली आणि घाबरून विचारलं, "काय जळी ऱ्हायनं?"

"काही जळत नाही हो," मी शिंकता शिंकता म्हणाले. "मिरच्या आहेत. शेठनं वाळत घातल्या होत्या."

त्यांना ती सगळी गोष्ट सांगितली. ते बटण, त्या बंद काचा, तो बैलगाडीवाला. अक्का हसायची, शिंकायची, पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "अजून सांग." काचा खाली करून आम्ही थोडा वेळ तिथेच बसलो. मला हीटर बंद करवेना. भाऊंनीही त्याला हात लावला नाही. पुढे निघाल्यावर गावाच्या अलीकडे मीच बंद केला. बाळ होतं ना पुढे.

धडगावात कचेरीमागच्या क्वार्टरपुढे गाडी उभी राहिली. अक्काची मुलगी दारातून धावत आली. भाऊ अक्काला उतरवायला काठी काढत होते, तर ही म्हणाली, "थांबा. आधी पोरले लई या. उतरवामा येळ जाई."

मुलीनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणलं आणि वाकून लांबडीच्या मागच्या दारातून आईच्या मांडीवर ठेवलं. म्हणजे मांडी कसली, सरळ पायावर, शालीवर. अक्कानं काही बोलायच्या आधी एक बोट बाळाच्या गालावर फिरवलं. हळू, आधी वरून खाली, मग परत. काचेवर फिरवायची तसंच असेल.

"माय, तू रडी ऱ्हायनी का?" मुलगी म्हणाली.

"रडत नही व," अक्का म्हणाली. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "शेठनी मिरची शे."

मुलगी माझ्याकडे वळली आणि मीही पदराचं टोक डोळ्याला लावत म्हणाले, हो ग बाई, मिरचीच.